वेगवान मोटारीचे पायताण

शर्यतीच्या घाटाची एखादी मोटार रस्त्यावरून गेली, की पाहणाऱ्यांचे तीन प्रश्न ठरलेले असतात. हिची किंमत किती? हिची अश्वशक्ती किती? आणि ही ताशी किती किलोमीटर पळते? चौथा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो म्हणजे, हिच्या चाकांना टायर कोणते आहेत? वास्तविक किंमत सोडली, तर बाकीच्या दोन्ही प्रश्नांना या चौथ्या प्रश्नाच्या उत्तरावाचून काही अर्थ उरत नाही. यंत्र कितीही बलवान असो, ब्रेक कितीही जबरदस्त असोत, त्यांचं बळ रस्त्यापर्यंत पोचतं ते रबरामधूनच. मल्ल कितीही ताकदीचा असला, तरी मातीत त्याचा पाय ठरला नाही तर त्याची ताकद काय कामाची?

आज आपण या चौथ्या प्रश्नाचा विचार करू. पाचसहाशे अश्वशक्तीची मोटार बाळगणारे श्रोते थोडेच असतील, याची मला कल्पना आहे. मी स्वतः महाविद्यालयात स्कूटरवरून जातो. परंतु अशा मोटारीचा एक उपयोग आहे. टायरचे गुणदोष तिच्यात भिंगातून पाहावेत तसे मोठे दिसतात. आणि तिला जे तत्त्व लागू पडतं, ते गावच्या वडापच्या जीपलाही लागू पडतं.

आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवतात. लोहार धाव चांगली तापवतो, ती चाकावर बसवतो आणि वर पाणी ओतून आवळून घेतो. त्या धावेचं काम एवढंच, की चाक झिजू नये आणि खिळखिळं होऊ नये. गाडी ओढतात बैल. चाक आपलं मागोमाग फिरतं. मोटारीत ही गोष्ट उलटी आहे. तिथे ओढणारं जनावर नाही. चाकानेच रस्त्याला मागे रेटायचं, चाकानेच वळायचं आणि चाकानेच थांबायचं. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेला रबरी टायर केला आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. त्यामागचा हेतू साधा होता, पोराला हादरे कमी बसावेत. पुढे मोटारी आल्या, आणि त्या मऊ गादीवर रेटणं, वळवणं, थांबवणं ही सगळी कामं येऊन पडली.

आता थोडं गणित करू. सोळाशे किलो वजनाची एक मोटार घ्या. प्रत्येक चाकावर सरासरी चारशे किलो भार आला. टायरमधला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २.४ किलो धरू. पेट्रोल पंपावरच्या आपल्या भाषेत सुमारे चौतीस पौंड. चारशेला २.४ ने भागलं, की उत्तर येतं साधारण १६७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका टायरची जमिनीला टेकणारी जागा तळहाताहून फार मोठी नाही. चारही मिळून ६६७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपण अर्ज लिहितो त्या ए-फोर आकाराच्या एका कागदाहून किंचित जास्त. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे हा हिशेब अगदी काटेकोर नाही. पण अंदाज म्हणून तो पुरेसा आहे. कोट्यवधी रुपयांची मोटार ताशी दोनशे किलोमीटर वेगाने धावते, ती एवढ्याशा रबरावर उभी राहून.

या हिशेबात आणखी एक गंमत आहे. त्यात टायरच्या रुंदीचा आकडा कुठे आलाच नाही. रुंद टायर बसवले म्हणजे टेकणारी जागा पुष्कळ वाढते, असा समज आहे. पण हवेचा दाब तेवढाच ठेवला तर जागा फारशी वाढत नाही, तिचा आकार बदलतो. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड. वळणावर हा आडवा ठसा अधिक स्थिर राहतो, म्हणून वेगवान मोटारींना रुंद टायर देतात. पण रस्त्यावर पाणी साचलं असेल, तर तोच रुंद टायर फावड्यासारखा आडवा होऊन पाण्याला भिडतो. एका जागी जो गुण, तोच दुसऱ्या जागी दोष. टायरच्या निवडीत ही अडचण पावलोपावली येते.

टायरची रस्त्यावर जी पकड असते, ती महिन्याच्या पगारासारखी आहे असं समजा. आकडा ठरलेला. तो किराण्यावर खर्च करा, मुलांच्या फीवर करा, नाहीतर थोडा थोडा दोन्हींवर करा. पण सगळा पगार किराण्यात गेला, तर फी भरायला काही उरत नाही. टायरचंही तसंच. सगळी पकड ब्रेकसाठी खर्च झाली, तर वळण्यासाठी काही शिल्लक राहत नाही. भर वळणात जोरात ब्रेक मारला की गाडी सरळ पुढे घसरत जाते, ती यामुळे. आणि मागच्या चाकांना जोर असलेल्या सहाशे अश्वशक्तीच्या गाडीला वळणात एकदम जास्त पेट्रोल दिलं, तर मागच्या टायरांची पकड रेटण्यातच संपते आणि गाडी गिरकी घेते. वाहनशास्त्रात हा जमाखर्च एका वर्तुळाने दाखवतात. स्टुटगार्टचे प्राध्यापक वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ते ओळखलं जातं. बलवान यंत्राने पगार वाढत नाही, फक्त खर्च करण्याची ताकद वाढते. पगार ठरवतो तो टायर.

हा पगार थोडा कमीजास्त असला तर काय मोठंसं बिघडतं, असं कोणी म्हणेल. तेही मोजून पाहू. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीची पकड तिच्या वजनाइतकी असेल, तर पूर्ण ब्रेक लावल्यावर ती सुमारे ३९ मीटरमध्ये थांबते. चांगल्या टायरना कोरड्या रस्त्यावर हे जमतं. पकड वीस टक्क्यांनी कमी झाली, तर थांबायला ४९ मीटर लागतात. दहा मीटरचा फरक ऐकायला थोडा वाटतो. पण असं पाहा, पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या जागी दुसरी गाडी अजून ताशी पंचेचाळीस किलोमीटर वेगाने चाललेली असते. त्या जागी रस्ता ओलांडणारं एखादं पोर असेल, तर हा फरक दहा मीटरांचा राहत नाही.

मग ही पकड येते कशी? रबर हा मोठा लहरी पदार्थ आहे. तो रस्त्याला दोन प्रकारांनी धरतो. एक, रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात. दुसरा प्रकार असा, की मऊ रबर खडीच्या बारीक उंचसखल भागांत दाबलं जातं, त्यांना कवटाळतं आणि निघताना थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावतं. ओल्या रस्त्यावर पहिला प्रकार पाण्यामुळे लंगडा पडतो आणि मदार मुख्यतः दुसऱ्यावर राहते. दोन्ही प्रकारांना रबर लवचिक असावं लागतं, आणि लवचिकपणा अवलंबून असतो तापमानावर. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली थिजते. काल पातळ होतं ते तेल आज बाहेर येत नाही. टायरच्या रबराचं हुबेहूब तसं होत नसलं, तरी बरंचसं त्याच जातीचं होतं. तेज मोटारींसाठी जे उन्हाळी टायर करतात, त्यांचं रबर उष्णतेत उत्तम काम देतं. पण हवा साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली गेली की ते ताठरू लागतं. गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली तर त्याला तडे जाण्याची भीती असते.

याच्या उलट, अतिथंडीतही मऊ राहील असं रबर घेतलं, तर ते वैशाखात फार ढिलं पडतं आणि लवकर झिजतं. पकड हवी तर झीज जास्त. टिकाऊपणा हवा तर पकड कमी. या ओढाताणीत रसायनशास्त्राने बरीच मदत केली आहे. पूर्वी रबराच्या बळकटीसाठी मुख्यतः काजळी घालीत, टायरचा काळा रंग तिच्यामुळेच. १९९२ साली मिशलॅं या फ्रेंच कंपनीने सिलिका, म्हणजे वाळूच्या कुळातला पदार्थ, मोठ्या प्रमाणावर वापरून टायर बाजारात आणले. ओल्या रस्त्यावरची पकड न घालवता इंधनाचा खर्च कमी करणं त्यामुळे शक्य झालं. तरी ओढाताण संपलेली नाही. सर्वगुणसंपन्न टायर अजून कोणी केलेला नाही.

म्हणून बाजारात या टायरांच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी बारमाही तेज टायरची. हे थंडीत, पावसात, उन्हात सगळीकडे बरे चालतात, पण कुठेच अव्वल नसतात. दुसरी पायरी तेज उन्हाळी टायरची. कोरड्या आणि ओल्या, दोन्ही रस्त्यांवर उत्तम पकड, आवाज बेताचा. मात्र कडाक्याच्या थंडीत निरुपयोगी. तिसरी पायरी अतितेज उन्हाळी टायरची. कोरड्यात पकड आणखी जास्त, परंतु झीज भराभर, आवाज मोठा आणि पाण्यात कामगिरी डळमळीत. चौथी पायरी म्हणजे शर्यतीच्या मार्गासाठी केलेले आणि रस्त्यावर चालवायला कायद्याने जेमतेम मुभा असलेले टायर. त्यांच्यावर खाचा थोड्याच असतात, आणि रबर चांगलं तापल्याशिवाय त्यांची खरी पकड येत नाही. घरापासून बाजारापर्यंतच्या फेरीत ते तापतच नाहीत. ज्याच्यासाठी चढा भाव मोजला, तो गुण त्या फेरीत मिळत नाही. तोटे मात्र सगळे पदरात पडतात.

पहिल्या पायरीपेक्षा चौथी श्रेष्ठ, असा अर्थ कृपा करून कोणी घेऊ नये. पैलवानाचा लंगोट आखाड्यात शोभतो. तो घालून कोणी लग्नाला जात नाही.

आता पावसाचं पाहू. टायरवर ज्या खाचा असतात, त्या शोभेसाठी नसतात, आणि कोरड्या रस्त्यावर पकडीसाठीही नसतात. कोरड्या मार्गावर शर्यतीच्या गाड्या अगदी गुळगुळीत टायरवर धावतात. खाचांचं मुख्य काम पन्हळीचं आहे. टायरखाली आलेलं पाणी त्यांनी बाजूला काढून द्यायचं. हे पाणी वेळेत निघालं नाही, तर टायर त्याच्यावर चढतो आणि रस्त्याला टेकेनासाच होतो. गाडी मग होडीसारखी तरंगते. सुकाणू फिरवा, ब्रेक मारा, तिला काही ऐकू येत नाही. अमेरिकेतल्या नासा या संस्थेने १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवर याचे प्रयोग केले. त्यातून एक सोपं सूत्र निघालं. हवेचा दाब पौंडांत घ्यायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला १०.३५ ने गुणायचं. की तरंगण्याचा वेग ताशी मैलांत मिळतो. छत्तीस पौंड हवा असेल, तर वर्गमूळ सहा. गुणाकार सुमारे ६२ मैल, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. हे सूत्र भरपूर पाणी आणि गुळगुळीत टायर यांच्यासाठी आहे. खाचा खोल असतील तर हा वेग वाढतो. टायर रुंद असेल तर तो घटतो. तात्पर्य, ज्या वेगाने आपल्या महामार्गावर साधी मोटारही धावते, त्या वेगाला ‘गोटा’ झालेला टायर पाण्यावर तरंगू शकतो.

नव्या टायरच्या खाचा साधारण आठ मिलिमीटर खोल असतात. तेज टायरच्या कधी थोड्या कमी. युरोपात आणि आपल्याकडेही मोटारीसाठी कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. पण कायद्याची मर्यादा म्हणजे पस्तीस गुण. त्या मार्कांनी मुलगा पास होतो, हुशार ठरत नाही. पावसात जायचं असेल आणि टायर रुंद असतील, तर तीन मिलिमीटर उरले असतानाच ते बदलावेत, असा जाणकारांचा सल्ला असतो.

दुकानात गेल्यावर टायरची भिंत वाचता यायला हवी. तिच्यावर टायरची सगळी कुंडली छापलेली असते. उदाहरणादाखल पोर्शे या जर्मन कंपनीच्या करेरा जीटी या मोटारीचा मागचा टायर घेऊ. त्याचं माप ३३५/३० झेडआर २०. यातला ३३५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ३० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या तीस टक्के, अर्थात शंभर मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे आतले धागे त्रिज्येच्या दिशेने बसवलेले. ही पद्धत मिशलॅंने १९४६ साली काढली. २० म्हणजे आतल्या रिमचा इंचांतला व्यास. आणि ‘झेड’ म्हणजे ताशी २४० किलोमीटरच्या वरच्या वेगासाठी केलेला टायर. मापापुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजनाचा: ९१ असेल तर एक टायर ६१५ किलो पेलतो, १०० असेल तर ८०० किलो. अक्षर वेगाचं: ‘एच’ म्हणजे २१०, ‘व्ही’ म्हणजे २४०, ‘डब्ल्यू’ म्हणजे २७०, ‘वाय’ म्हणजे ताशी ३०० किलोमीटर.

इतका वेग मी कधीच गाठणार नाही, मग कमी अक्षराचा स्वस्त टायर का घेऊ नये, असं वाटणं साहजिक आहे. पण हे अक्षर केवळ वेगाचं नाही, उष्णता सोसण्याच्या ताकदीचंही आहे. वर सांगितलेला टायर ताशी ३०० किलोमीटरला सेकंदात सुमारे सदतीस वेळा फिरतो. म्हणजे त्याच्या रबराचा प्रत्येक तुकडा सेकंदात सदतीस वेळा चेपला जातो आणि तितक्याच वेळा फुगतो. या चेपण्यातून उष्णता निघते, आणि टायर फुटतो तो बहुतेक या उष्णतेने. भार जास्त, हवा कमी आणि वेग मोठा, ही तिन्ही एकत्र आली की कमी अक्षराचा टायर दगा देतो. म्हणून मोटारीच्या पुस्तिकेत वजनाचा आणि वेगाचा जो दर्जा दिला असेल, त्याच्या खाली उतरू नये. पोर्शेसारख्या काही कंपन्या आपल्या गाडीवर तपासलेल्या टायरना वेगळी खूणही देतात. पोर्शेची खूण ‘एन’ अक्षर आणि पुढे एक अंक, अशी असते.

टायरवर सरकारी प्रतवारीही असते. अमेरिकेत झिजेसाठी एक आकडा देतात. आकडा जेवढा मोठा, तेवढा टायर टिकाऊ. तेज उन्हाळी टायरचा आकडा बहुधा तीनशेच्या आसपास, शर्यतीच्या जातीच्या टायरचा दोनशे किंवा त्याहून कमी. मात्र ही चाचणी प्रत्येक कारखानदार आपापली करतो, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं फारसं विश्वासाचं नाही. ‘पकड’ म्हणून जी अक्षरं दिलेली असतात, ती ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून काढलेली असतात. वळणावर काय होईल हे त्यांतून कळत नाही. युरोपात २०१२पासून टायरला चिठ्ठी लावतात. तिच्यावर इंधनाचा खर्च, ओल्यातली पकड आणि आवाज या गोष्टी येतात. कोरड्या रस्त्यावरची पकड येत नाही. म्हणून स्वतंत्र नियतकालिकं एकाच गाडीवर, एकाच दिवशी निरनिराळे टायर लावून ज्या चाचण्या घेतात, त्या वाचाव्यात. त्यातही ओल्या रस्त्याचे आकडे आधी पाहावेत.

या कुंडलीत जन्मतारीखही असते, आणि नेमकी तीच वाचायची राहून जाते. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. ३५१८ असेल, तर तो टायर २०१८ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतला प्राणवायू आणि ऊन त्याला आतून ताठ करतात. खाचा जशाच्या तशा दिसतात, पकड मात्र गेलेली असते. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. इथे एक विचित्र गोष्ट घडते. जी मोटार रोज राबते, तिचे टायर झिजून वेळेवर बदलले जातात. जी फार मोलाची म्हणून पांघरुणाखाली ठेवलेली असते आणि वर्षाकाठी चार वेळाच बाहेर निघते, तिचे टायर झिजतच नाहीत. ते नुसते वय वाढवीत बसतात. सर्वांत शक्तिमान गाडीला सर्वांत म्हातारे टायर, असा योग अशा रीतीने जुळून येतो.

हा योग किती महाग पडू शकतो, याचं एक उदाहरण सर्वश्रुत आहे. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा इथे एका करेरा जीटी मोटारीला अपघात होऊन चित्रपट अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र, असे दोघेही मरण पावले. गाडी २००५ सालची, सहाशेहून अधिक अश्वशक्तीची. घसरणाऱ्या गाडीला आपोआप सावरणारी विद्युत यंत्रणा या प्रकारच्या मोटारीत नव्हतीच. मार्च २०१४मध्ये तपासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अपघाताचं कारण अतिवेग, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ८० ते ९३ मैलांच्या वेगाने चालली होती. पण त्याचबरोबर तपास करणाऱ्यांनी नोंद केली, की गाडीचे टायर सुमारे नऊ वर्षांचे जुने होते, आणि त्यामुळे गाडीच्या ताब्यावर परिणाम झाला असू शकतो. दोष वेगाचा होताच. परंतु चूक घडते त्या क्षणी सावरायला जो थोडा अवसर लागतो, तो टायर देत असतो. म्हातारा टायर तो देऊ शकत नाही.

याच जातीच्या मोटारीचं दुसरं उदाहरण उलट बाजूचं आहे. जर्मनीत न्यूरबर्गरिंग नावाचा वीसेक किलोमीटर लांबीचा डोंगराळ शर्यतमार्ग आहे. २००४ साली वाल्टर र्‍योर्ल या नामांकित चालकाने करेरा जीटी तिथे ७ मिनिटं २८.७१ सेकंदांत नेली होती. वीस वर्षांनी, २०२४ साली, या जुन्या गाडीसाठी नव्या रबराचे टायर तयार झाले, आणि यॉर्ग बेर्गमाइस्टर या चालकाने त्याच प्रकारची गाडी ७ मिनिटं १२.६९ सेकंदांत आणली. तब्बल सोळा सेकंदांचा फरक. चालक वेगळा होता, दिवस वेगळा होता, त्यामुळे सगळं श्रेय टायरना देता येणार नाही. पण यंत्र तेच होतं, त्याची शक्ती तीच होती. दोन दशकांत खरी प्रगती केली होती ती रबराने. ज्या मालकाला आपली गाडी आणखी तेज करायची असेल, त्याने यंत्राला हात लावण्यापूर्वी टायर पाहावेत, हा यातला धडा. आणि ज्याला ती सुरक्षित करायची असेल, त्यानेही तेच करावं.

तर मग निवड करायची कशी? माझ्या मते स्वतःला चार प्रश्न क्रमाने विचारावेत. माझ्या गावी वर्षातला सर्वांत थंड दिवस किती थंड असतो? पाऊस किती आणि कसा पडतो? मी शर्यतमार्गावर खरोखर किती वेळा जातो, जाण्याची स्वप्नं किती वेळा पाहतो हे सोडून? आणि वर्षात गाडी किती किलोमीटर चालते? या चार प्रश्नांना प्रामाणिक उत्तरं दिली, की निवड जवळजवळ आपोआप होते.

आपल्या महाराष्ट्रात पहिला प्रश्न सोपा आहे. निफाडच्या एखाद्या पहाटेचा अपवाद सोडला, तर उन्हाळी टायर ताठरेल अशी थंडी इथे पडत नाही. बर्फाची चिंता वाहणारे टायर घेण्याचं आपल्याला कारण नाही. इथे खरी परीक्षा दुसऱ्या प्रश्नाची. कोकणातल्या आणि घाटातल्या धारांत, रस्त्यावर घोट्याएवढं पाणी असताना, ओल्यातली पकड आणि खाचांची खोली यांनाच किंमत आहे. शिवाय पहिल्या सरीला रस्त्यावरची धूळ आणि तेल मिसळून जो निसरडा चिखल होतो, त्याच्यावर कोणताही टायर बेतानेच चालतो. तेव्हा इथल्या मालकाने दुसऱ्या पायरीचा तेज उन्हाळी टायर घ्यावा, आणि ओल्यातल्या गुणांवर तो निवडावा.

हीच गाडी न्यू जर्सीत किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्या आपल्या भाच्याकडे असेल, तर उत्तर बदलतं. तिथे थंडीत गाडी चालवायचीच असेल, तर दोन जोड हवेत, उन्हाळ्याचा एक आणि हिवाळ्याचा एक. जर्मनीत तर बर्फाच्या रस्त्यावर हिवाळी टायर कायद्यानेच लागतात, आणि ऑक्टोबर २०२४पासून त्यांच्यावर डोंगर आणि हिमकण यांची खूण असणं आवश्यक झालं आहे. दोन जोडांचा खर्च मोठा वाटतो. पण एक जोड वापरात असताना दुसरा झिजत नाही, म्हणून तो सगळाच जादा खर्च नव्हे.

टायर घेतल्यावरही काही पथ्यं आहेत. चारही टायर एका जातीचे असावेत. निदान एका आसावरचे दोन्ही तरी एकसारखे असलेच पाहिजेत. मागच्या टायरांची पकड पुढच्यांपेक्षा कमी होऊ देऊ नये. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, मागचे घसरले तर ती गिरकी घेते, आणि गिरकी सावरणं कठीण. नवे टायर पहिले दोनतीनशे किलोमीटर सांभाळून चालवावेत, कारण साच्यातून काढताना लागलेला निसरडेपणा जायला वेळ लागतो. हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. लाखभर रुपये टायरवर खर्च करून हवेसाठी पाच मिनिटं न काढणारे लोक पुष्कळ आहेत.

दुकानदाराने एखाद्या टायरची स्तुती केली, की मोकळा रस्ता, स्वच्छ ऊन आणि सुसाट गाडी असं चित्र डोळ्यांपुढे येतं. त्या दिवशी कोणताही टायर बरा चालतो. निवड करायची असते ती दुसऱ्या दिवसासाठी: आषाढातली संध्याकाळ, घाटाचा उतार, समोरच्या ट्रकचे लाल दिवे अचानक लागलेले, आणि शेजारच्या आसनावर घरचं माणूस. त्या वेळी अश्वशक्ती किती आहे हे कोणी विचारीत नाही. एका कागदाएवढ्या रबराने रस्ता धरला की नाही, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर आपण दुकानात कधीच देऊन बसलेले असतो.